मुळशी (जुने गाव व पेटा)

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाशी, सह्याद्रीच्या कड्याला पाठ लावून बसलेले एक जुने गाव आणि त्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा महसुली पेटा. गाव मुळा व नीला या नद्यांच्या खोऱ्यात होते. आज तेथे टाटा वीज कंपनीचा जलाशय आहे. मुळशी हे नाव मात्र बुडाले नाही. ते धरणाला आहे, तलावाला आहे, तालुक्याला आहे. त्या तालुक्याची कचेरी पौडला असते. ज्या गावावरून नाव पडले ते पाण्याखाली आणि तालुक्याचा कारभार दुसऱ्याच गावी, अशी उदाहरणे महाराष्ट्रात फारशी नाहीत.

पेटा म्हणजे तालुक्याचा पोटविभाग. धरणाच्या वेळी मुळशी हा हवेली तालुक्याचा पेटा होता. रायगडच्या किनाऱ्याशी, म्हणजे मांडवा, अलिबाग, चौल, रेवदंडा या पट्ट्याशी, त्याचा संबंध काय असा प्रश्न नकाशा पाहून पडेल, कारण मधे सह्याद्रीचा उभा कडा आहे. पण मुळशीचे पाणी गेली शंभर वर्षे याच किनाऱ्याला उतरते आहे. त्याचा मार्ग पुढे दिला आहे.

भूमी व शेती. मुळा नदी मुळात पूर्वेकडे वाहणारी. कड्याच्या अगदी काठाशी उगम पावून ती पुण्याकडे जाते, मुठेला मिळते आणि पुढे भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला पोहोचते. खोऱ्याच्या माथ्यावर, तामिणीच्या बाजूला, पाऊस राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांशी बरोबरी करणारा. खाली खोरे मात्र रुंद आणि सपाट, नदीने शतकानुशतके गाळ आणून भरलेले. म्हणून येथे भाताची खाचरे होती आणि त्यांत आंबेमोहोर पिकत असे. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो म्हणून हे नाव. हा भात पुण्याच्या सुखवस्तू घरांत जाई. पिकवणाऱ्याच्या ताटात बहुधा नाचणी आणि वरी असे. ती डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत राब भाजून घेत. या खोऱ्यात मराठा शेतकऱ्यांची वस्ती मुख्य होती. कडेकपारीला धनगरवाडे आणि कातकऱ्यांच्या वाड्या. बारा मावळांतल्या पौड मावळाचा हा भाग, त्यामुळे येथला शेतकरी स्वतःला मावळा म्हणवीत असे आणि पुढे आंदोलनानेही हा शब्द पुरेपूर वापरला.

जमीन कोणाची, हा येथला कळीचा प्रश्न होता आणि पुढचे सारे त्यावरच फिरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोऱ्यातील चांगल्या खाचरांचा मोठा हिस्सा कर्जापोटी पुण्यातील सावकारांच्या नावावर गेला होता. कसणारा तोच राहिला, पण कूळ म्हणून. पीक आले की खंडाचा भात पुण्याला पोचता करायचा, ही वहिवाट. १८७५ च्या दक्षिणेतील दंग्यांत सुपे, शिरूरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली तशी येथे जाळली गेली नाहीत. मावळातले कर्ज तसेच राहिले.

वीज कंपनीची योजना. सह्याद्रीची एक खोड आहे. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस कड्यापासून दोन-चार कोसांवर असूनही पूर्वेला वळतो आणि हळूहळू उतरत जातो. तेच पाणी पश्चिमेला सोडले तर अर्धा किलोमीटर सरळ खाली कोसळेल. नदी उगमाजवळ अडवायची, डोंगरातून बोगदा काढायचा, पाणी पोलादी नळांतून कोकणात सोडायचे आणि तळाशी चक्रे फिरवायची, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीतली. ती उभी राहिली ती त्यांच्या मृत्यूनंतर, दोराबजींच्या काळात. १९१० साली पहिली कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचे पाणी खोपोलीला उतरले आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्यानंतर आंध्रा खोऱ्यातील ठोकरवाडीचे पाणी भिवपुरीला गेले. तिसरा क्रमांक मुळशीचा. त्यासाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी नोंदली गेली.

या योजनेच्या बाजूने बोलणारे काही कमी नव्हते, आणि त्यांचा युक्तिवाद पोकळही नव्हता. गिरण्या दगडी कोळशावर चालत. कोळसा दुरून येई. धुराने शहर काळे होई. भारतीय भांडवलाने, भारतीय पावसावर वीज काढायची म्हणजे स्वदेशीच. याच कारणाने मुळशीच्या प्रश्नावर राष्ट्रीय पुढारी अडखळले. परकीय सरकारशी लढायची सवय झालेल्यांना येथे समोर एक देशी उद्योगपती दिसत होता आणि त्याच्या मागे सरकार.

जमीन घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा वापरण्यात आला. सार्वजनिक कामासाठी सरकारने जमीन घ्यावी हे या कायद्याचे मुख्य प्रयोजन. पण त्याच्या सातव्या भागात खासगी कंपनीसाठी जमीन घेण्याचीही सोय होती. मोबदला रोख, आणि तो कागदावर ज्याचे नाव त्याला. कुळाला, वाटेकऱ्याला, राबणाऱ्या गड्याला, कातकऱ्याला त्या कायद्यात जागा नव्हती. पर्यायी जमीन, नवे गावठाण, देवळाची व्यवस्था यांतले काहीही देणे सरकारवर किंवा कंपनीवर बंधनकारक नव्हते. पुनर्वसन हा शब्दच त्या काळच्या महसुली भाषेत नव्हता. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ साली झाला.

त्याआधी पुणे जिल्ह्यात धरणे झाली नव्हती असे नाही. खडकवासल्याला एकोणिसाव्या शतकातच तलाव झाला होता, भाटघरचे धरण त्याच शतकाच्या अखेरचे, आणि लोणावळ्याकडे टाटांचेच तलाव होते. त्यांतही शेते आणि घरे गेली. ती माणसे कोठे गेली याची नोंद कोणी ठेवल्याचे दिसत नाही. मुळशीची नोंद राहिली, कारण मुळशी भांडली.

सत्याग्रह. पूर्वकल्पना न देता कंपनीची माणसे शेतांत येऊन चर खणू लागली, तेव्हा गावकऱ्यांना धरणाची कुणकुण लागली. पन्नासच्या आसपास गावे आणि वाड्या, सुमारे अकरा हजार माणसे बाधित होणार होती. पुण्याहून विनायकराव भुस्कुटे खोऱ्यात आले, गावोगाव हिंडले, सभा घेतल्या. पुढे या लढ्याचा इतिहासही त्यांनीच लिहिला. न. चिं. केळकर व केसरीचा गट पाठीशी उभा राहिला. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा याच वेळची.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे, त्यांत बायका आणि मुलेही, धरणाच्या जागी जाऊन बसले. काम थांबले. मारहाण नाही, तोडफोड नाही. माणसे फक्त बसून राहिली. असहकाराची लाट देशभर होती आणि गांधींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त मुळशी पेट्यावर लिहून टाटांना आवाहन केले की कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावे. पाऊस तोंडावर होता. काम तात्पुरते थांबवण्यात आले आणि खोऱ्यातल्या लोकांना वाटले की जिंकलो.

खरा निकाल त्या सुट्टीत लागला, आणि तो खोऱ्यात लागला नाही, पुण्यात लागला. जमिनीचे कागदी मालक सावकार होते. त्यांच्या दृष्टीने खाचर म्हणजे एक गुंतवणूक. दर चांगला मिळत असेल तर विकायला हरकत कसली? मोबदला वाढवून घेण्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि सावकारांचा गट तडजोडीला तयार झाला. पुढाऱ्यांतलेही काही, जमीन तर जाणारच मग भाव तरी नीट मिळवू, या मताला आले. कुळाला भावाचा उपयोग नव्हता, कारण भाव त्याला मिळणारच नव्हता. ज्यांच्या नावावर सातबारा त्यांनी पैसे घेतले आणि ज्यांची घरे व चुली तेथे होत्या ते उरले. राजेंद्र व्होरा यांनी या आंदोलनाचा जो अभ्यास केला (मराठीत १९९४, इंग्रजीत २००९) त्याच्या इंग्रजी शीर्षकात त्यांनी मुळशीला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. जगातील पहिले की नाही हा वाद घालता येईल. पण त्या अभ्यासाचा खरा ऐवज तेथे नाही. शेतकरी, सावकार आणि शहरी पुढारी यांचे हितसंबंध एकाच मंडपाखाली कसे वेगळे होत गेले, हे त्यात दिसते.

१९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही. या दुसऱ्या फेरीत अटकसत्र सुरू झाले. पांडुरंग महादेव बापट हे आता या लढ्याचे मुख्य नाव झाले. पारनेरचे, विलायतेला जाऊन आलेले, बाँबचे तंत्र शिकलेले आणि पुढे ते बाजूला ठेवून गावात झाडू हाती घेतलेले हे गृहस्थ मुळशीतच ‘सेनापती’ झाले. शंकरराव देव तुरुंगात गेले. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनाही १९२२ साली मुळशीपायी कारावास झाला. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरानंतर गांधींनी असहकार मागे घेतला आणि मुळशीच्या मागची देशव्यापी हवा निघून गेली. तशीही ती मुळशीसाठी नव्हतीच. काँग्रेसने हा लढा आपला म्हणून कधी पुरता स्वीकारला नाही.

धरणाची भिंत वर चढत राहिली. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह बांधकामासाठी टाकलेल्या रुळांवर दगड रचून कंपनीची गाडी अडवली. या वेळी ते शस्त्र घेऊन गेले होते. लोकांनी ज्याला सत्याग्रह म्हटले होते त्याची व्याख्या त्यांनी स्वतःपुरती बदलली होती आणि ती लपवलीही नाही. स्वतःच पोलिसांच्या हवाली झाले. सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ मध्ये ते सुटले तेव्हा धरण भरून चार पावसाळे झाले होते. पुढे त्यांच्या नावाचे रस्ते पुण्यात आणि मुंबईत झाले. मुंबईतला रस्ता जुन्या गिरणगावातून जातो. ज्या गिरण्यांच्या विजेसाठी मुळशी बुडाली त्यांची आवारे त्याच्या दोन्ही अंगांना होती.

स्थलांतर. १९२७ साली कड्याखाली, कोकणातल्या भिरा येथे, या योजनेचे वीजघर सुरू झाले. धरण दगडी बांधकामाचे, उंची सुमारे ४९ मीटर, लांबी दीड किलोमीटर. साठा सुमारे १८ टीएमसी. त्या काळाच्या मानाने काम अचाट होते, यात शंका नाही.

मुळशीचे लोक कोठे गेले या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. काही जण पुण्याकडे उतरले, काही मुंबईला गिरणीत आणि गोदीत गेले, काही नातलगांच्या गावी. पण पुष्कळ जण कोठेच गेले नाहीत. ते वर सरकले. पाणी जसजसे चढले तसतशी घरांची लाकडे, कौले, देव, जाती उचलून त्यांनी त्याच डोंगराच्या उतारावर, पाण्याच्या रेषेच्या वर, पुन्हा मांडली. तळ्याच्या काठी आज जी गावे दिसतात त्यांतली कित्येक अशी आहेत: नाव जुने, जागा नवी. पूर्वीच्या गावांना रुंद खाचरांची जमीन होती. या नव्या जागेला फक्त वरकस. आंबेमोहोर पिकवणारे लोक नाचणी-वरीच्या उतारावर आले. सरकारी दृष्टीने हे स्थलांतरही नव्हते, कारण सरकारने कोणाला कोठे नेले नव्हते.

कोयनेशी तुलना केली तर फरक लक्षात येतो. पन्नास-साठच्या दशकांत शिवसागर जलाशयाखाली गावे गेली तेव्हा काही धरणग्रस्तांना ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत जमिनी व वसाहती देण्यात आल्या. त्या सांगितल्या गेल्या तशा होत्या का, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण कोयनेच्या माणसाला निदान एका वसाहतीचा पत्ता मिळाला. वेल्समधील कॅपेल केलिन या छोट्या गावाची हकीकतही वाचण्यासारखी आहे: लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी १९६५ मध्ये ते बुडवले गेले आणि वेल्श राष्ट्रवादाला त्यातून एक जखम व एक घोषवाक्य मिळाले. मुळशीच्या लढ्यातून मराठी राजकारणाला एक सेनापती मिळाला.

वर सरकलेल्या गावांची अडचण आजही संपलेली नाही. जलाशयाभोवतीची पुष्कळ जमीन संपादनात कंपनीकडे गेली. त्यामुळे कित्येक वाड्या तीन-चार पिढ्या ज्या जागेवर राहतात ती कागदावर त्यांची नाही. गावठाण नसेल तर घर वाढवता येत नाही, घराच्या नोंदीची अडचण येते आणि रस्ता, पाणी, शाळा यांपैकी काहीही करायचे तर आधी जागेचा प्रश्न उभा राहतो. तळ्याच्या काठावर राहून उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या वाड्या पाहून पाहुणे चकित होतात. येथल्या माणसाला त्याचे नवल वाटत नाही. सत्याग्रहाची शताब्दी एप्रिल २०२१ मध्ये आली तेव्हा धरणग्रस्तांच्या मागण्यांत गावठाणाची मागणी होतीच.

उन्हाळ्यात वीजनिर्मितीसाठी पाणी उपसले जाते तसे तळे आटत जाते आणि काठाने जुन्या बांधांच्या रेषा वर येतात. मृगाचा पाऊस लागला की त्या पुन्हा बुडतात.

पाण्याचा प्रवास. जलाशयाचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेऊन कड्यावरून नळांतून सुमारे अर्धा किलोमीटर खाली, रायगड जिल्ह्यातील भिरा येथे सोडले जाते. मूळ वीजघर १५० मेगावॉटचे. नंतर तितक्याच क्षमतेचा आणखी एक संच बसला. तो खालचे पाणी पुन्हा वर चढवूही शकतो. चक्रांतून सुटलेले पाणी कुंडलिका नदीत जाते. कुंडलिका ही कड्याखालची अस्सल कोकणी नदी, पावसाळ्यात रोरावणारी आणि मार्चपर्यंत डबक्यांवर येणारी. भिऱ्याच्या पाण्याने ती बारमाही झाली. कोलाडजवळ रबरी होड्यांतून फेसाळत्या पाण्यावर स्वार होणाऱ्या पर्यटकांना सकाळची वेळ दिली जाते ती याच कारणाने: वीजघरातून पाणी सुटते तेव्हाच नदीला जोर असतो. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून हे पाणी कालव्यांनी रोहा आणि माणगाव तालुक्यांत फिरते आणि तेथे उन्हाळी भात होतो. मुळशीच्या खोऱ्यातले एक भातपीक गेले, कोकणात दुसरे आले. या देवघेवीत मुळशीकराला कोणी विचारले नव्हते, आणि रोहेकराला तर ती झाल्याचेही बहुधा माहीत नसते.

रोह्याच्या पुढे नदीची खाडी होते. रेवदंडा आणि कोर्लई या दोन किल्ल्यांच्या मधून ती समुद्राला मिळते. बंगालच्या उपसागराला जायचे पाणी अरबी समुद्रात पडते, ते येथे.

घाटमाथ्यावरून असे पाणी पश्चिमेला वळवण्यावर पूर्वेकडची, म्हणजे भीमा-कृष्णा खोऱ्यातली, तक्रार जुनी आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने टाटांच्या योजनांना मर्यादा घालून दिली. प्रत्येक दुष्काळात मुळशीचे पाणी पुण्याला, सोलापूरला किंवा पूर्वेकडच्या तालुक्यांना द्यावे ही मागणी नव्याने निघते. या चर्चेत वीज, शेती आणि शहरे यांचे हिशेब मांडले जातात. काठावरच्या वाड्यांचा हिशेब त्यात क्वचितच येतो.

आजची मुळशी. पुण्यात हल्ली ‘मुळशी’ म्हटले की तीन गोष्टी डोळ्यांपुढे येतात: पावसाळ्यातली तामिणीची गर्दी, तळ्याकाठची विश्रामगृहे आणि जमिनीचे व्यवहार. हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान वसाहत याच तालुक्यात आहे, लवासाचे गिरिनगरही. जमीन विकून आलेला पैसा आणि त्यातून बिघडलेली तरुण पिढी यांवर प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला आणि या नावाला एक तिरपी ओळख देऊन गेला. शंभर वर्षांपूर्वी येथला शेतकरी जमीन सोडायला तयार नव्हता आणि कायद्याने ती घेतली. आता ती राजीखुशीने विकली जाते. दोन्ही वेळा व्यवहार ठरण्याची जागा पुणेच.

जाण्याचा मार्ग. पुण्याहून पौडमार्गे सुमारे ४५ किमी. रायगड किनाऱ्यावरून येणाऱ्याला पाण्याच्या उलट दिशेने चढत यावे लागते: मुंबईहून होडीने किंवा रो-रोने मांडवा, तेथून अलिबाग, चौल, रेवदंडा, साळावचा पूल ओलांडून खाडीच्या दक्षिण अंगाने रोहा, पुढे कोलाड, विळे आणि तामिणीचा घाट. पायी जाणाऱ्यांसाठी घाटमाथ्यावरच्या पिंपरी गावातून अंधारबनाच्या जंगलातून भिऱ्याला उतरणारी जुनी वाट आहे; पावसाळ्यात वाटाड्या घ्यावा. घाट चढून माथ्यावर आले की रस्ता तळ्याच्या काठाने बराच वेळ जातो. डाव्या-उजव्या अंगाला ज्या वाड्या लागतात त्यांच्या पाट्यांवरची नावे बहुतेक पाण्याखालच्या गावांची आहेत.